शनिवार-रविवार काय करता?

(आकुर्डी येथे तरुणांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. गाडीच्या ब्रेकच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीत, कधी टेस्टिंगसाठी चाकणला. मला इथे उभं केलंय ते एका प्रश्नामुळे. मागच्या बैठकीनंतर चहा पिताना एका मुलाने मला विचारलं, "भाई, तुम्ही शनिवार-रविवार काय करता?" मला वाटलं, सहज विचारतोय. मग तो म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी शिफ्ट सुटली की सोमवारी सकाळपर्यंत मी कुणाशीच बोलत नाही. मेसवाल्या मावशींशी तेवढं बोलणं होतं."

मुलगा नांदेडकडचा. बी.ई. झालेला, चाकणला क्वालिटीत आहे. पगार वेळेवर, आई-वडिलांना पैसे वेळेवर. आपल्या हिशोबाने तो 'सेटल' झालेला आहे. तो आज इथे बसला आहे, म्हणून नाव घेत नाही. पण त्याचा प्रश्न इथल्या निम्म्या लोकांचा आहे, आणि एके काळी तो माझाही होता.

मी उदगीरचा. घरी दखनी, शाळा मराठी. २०१२ साली इंजिनिअरिंग करून इथे आलो. आमचं आडनाव पाटील. लातूर, सांगली, साताऱ्याकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही, कारण तिकडे मुसलमान पाटील, देशमुख, इनामदार गावोगावी आहेत. पण इथल्या एजंट लोकांना फोनवर आडनाव सांगितलं की ते खूश. "पाटील का? मग काही प्रश्नच नाही. मालक आपलेच आहेत." फ्लॅट बघितला, पसंत पडला, डिपॉझिट ठरलं. ॲग्रीमेंटसाठी आधार कार्डची झेरॉक्स दिली आणि संध्याकाळी फोन आला, "सॉरी पाटील, मालकांच्या भाच्यालाच फ्लॅट लागतोय." त्या उन्हाळ्यात चार मालकांचे चार भाचे पुण्यात राहायला आले.

हसू येतं, पण याचा एक परिणाम होतो, आणि आजचा विषय तोच आहे. चार वेळा असं झालं की माणूस पाचव्या ठिकाणी दार वाजवतच नाही. घरासाठी वाजवावंच लागतं, कारण छप्पर लागतं. पण क्रिकेटच्या टीमसाठी, ट्रेकसाठी, शेजारच्या वाढदिवसासाठी कोण वाजवणार? तिथे आपण आपल्यालाच आधी नकार देऊन टाकतो.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्यांचं फक्त नाव बदललं की उत्तर कसं बदलतं, हे त्यांनी तपासलं. दलित आणि मुसलमान नावांना नकार मिळत होते, आणि मुसलमान नावांना सर्वांत जास्त. कायद्याचं म्हणाल, तर घटनेचं कलम १५ दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता याबद्दल स्पष्ट बोलतं. पण खासगी घरमालक भाडेकरू कसा निवडतो, तिथे त्याचा हात पोचणं अवघड. उलट २००५ साली एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

शिकलेल्या माणसाची ही गोष्ट नवीही नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि सामान उचलायला लावलं. त्यांनी एका हिंदू मित्राकडे विचारलं, एका ख्रिश्चन मित्राकडे विचारलं. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहिलंय. ते वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते मित्रांचं. ओळखीचे लोक होते, चांगले होते, आणि तरीही त्या दिवशी दार उघडलं नाही.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. २०१७ च्या हिवाळ्यात चार महिने मी कंपनीच्या कामाने मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स या गावी होतो. आपल्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कितीतरी लहान गाव. ऑफिसच्या आमच्या मजल्यावर एकच काळा इंजिनिअर होता, मूळचा डेट्रॉइटचा. आम्ही दोघं जेवायला एकत्र बसायचो, कारण बाकीच्यांचे ग्रुप ठरलेले होते. तो म्हणाला, पहिली दोन वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी अडीच तास गाडी चालवून तो डेट्रॉइटला घरी जायचा आणि रविवारी रात्री परत यायचा. मला हसू आलं. आपली मुलं शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नांदेड-लातूरला जातात, तेच हे. तो म्हणाला, "त्या दोन वर्षांत मी इथे फक्त पगार घेत होतो. राहत नव्हतो."

मग काय बदललं, मी विचारलं. तो म्हणाला, न्हावी सापडला. त्याच्यासारखे केस नीट कापणारा न्हावी त्या गावात कुठेही मिळत नाही. चौकशी करत करत तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका काळ्या माणसाच्या सलूनमध्ये पोचला. तिथे शनिवारी सकाळी गर्दी. कुठलं चर्च बरं, कुठला घरमालक सरळ, बास्केटबॉल कुठे खेळतात, कुठल्या रस्त्याने रात्री जाऊ नये, सगळं तिथे कळलं. तिथे त्याला कुणी विचारत नव्हतं की तू इंजिनिअर कसा झालास. आणि सहा महिन्यांनी, तो म्हणाला, त्याने शहरातल्या धावणाऱ्यांच्या क्लबात नाव घातलं. तिथे मात्र तो एकटाच काळा. पण आता एकटं वाटत नव्हतं, कारण शनिवारची खुर्ची पक्की होती.

ही गोष्ट मी परत आल्यावर विसरू शकलो नाही. माणसाला दोन जागा लागतात. एक, जिथे स्वतःबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. दुसरी, जिथे सगळे असतात आणि आपण त्यांतले एक असतो. पहिली नसेल तर दुसरीत आपण सारखे सावध असतो. दुसरी नसेल तर पहिलीत आपण कोंडून घेतो. अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी हे ओळखून १९७५ साली पर्ड्यू विद्यापीठात काळ्या इंजिनिअरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. सुरुवात सहा विद्यार्थ्यांनी केली होती. इंजिनिअरिंग सोडून वेगळं काही करायला नव्हे, इंजिनिअरिंगमध्ये टिकून राहता यावं म्हणून.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मला या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या याचं फार अप्रूप आहे. एकीकडे सगळ्या मराठीच्या मंडपात आपला माणूस अध्यक्ष, आणि दुसरीकडे आपलं घरातलं बोलणं मोकळेपणाने बोलायला स्वतंत्र मंडप. एक आहे म्हणून दुसरा नको, असं कुणाला वाटलं नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्यांचं शहर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग मोठमोठे वाहनांचे कारखाने, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांच्या वर माणसं. माझे एक चुलते १९७८ साली भोसरीत टर्नर म्हणून आले. कासारवाडीत एका खोलीत पाच जण, त्यात दोन मुसलमान, तीन हिंदू, सगळे आमच्याच तालुक्याचे. खोली मिळाली ती 'उदगीरकडची पोरं' म्हणून. पुढे कायम झाले, मग कँटीन, युनियन, पतपेढी. चुलत्यांनी निवृत्तीनंतरही पतपेढीच्या सभा सोडल्या नाहीत. मित्र तिथेच होते. त्यांना कधी मित्र 'शोधावे' लागले नाहीत. एकच यंत्र, एकच शिफ्ट, वीस वर्षं.

आपल्याला ते मिळणार नाही. चाकणला कंत्राटी मुलगा काही महिन्यांत ब्रेकवर जातो. आयटीत दीड-दोन वर्षांत कंपनी बदलते, त्यातले निम्मे दिवस घरून काम. म्हणजे जे चुलत्यांना आपोआप मिळालं, ते आपल्याला ठरवून करावं लागणार.

मग अडचण कुठे आहे? थोडी भीती आहे, आणि ती खोटी नाही. जून २०१४ मध्ये हडपसरला जमावाने मोहसीन शेखला मारलं. सोलापूरचा मुलगा, आयटीत कामाला, नमाज पढून खोलीवर परतत होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्या आठवड्यात अम्मीचा फोन आला, "टोपी खिशात ठेव, रात्री बाहेर पडू नको." मी दोन दिवसांनी ऑफिसला गेलो. परतताना रात्र झाली, बसमधून उतरलो तर वाकडच्या पुलाखाली माझा रूममेट बाइक घेऊन उभा. बार्शीचा, शिंदे आडनावाचा. काही बोलला नाही. "बस" म्हणाला. पुढे आठ दिवस रोज उभा राहिला. आम्ही त्यावर आजतागायत एक शब्द बोललेलो नाही. पण मी जे काही इथे टिकून आहे, त्यात त्या आठ दिवसांचा वाटा मोठा आहे.

भीतीपेक्षा जास्त आहे तो थकवा. "तू मुसलमान वाटत नाहीस." "मराठी किती छान बोलतोस रे." "बिर्याणी कधी?" पाकिस्तानची मॅच असली की आपल्याकडे बघून एक विनोद. मी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायचो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळं केलं, घोषणाही दिल्या. मग गडावर बसून इतिहास सांगताना ग्रुप लीडर माझ्याकडे बघून "तुम्ही लोकांनी" म्हणायला लागला. एकदा समजावलं. दुसऱ्यांदा समजावलं. तिसऱ्यांदा ग्रुप सोडला. पण ट्रेकिंग सोडलं नाही. दुसरा ग्रुप शोधला, तिथे सात वर्षं आहे. प्रत्येक वाक्याला उत्तर देत बसलं तर माणूस चोवीस तास वकीलच होतो. कधी उत्तर द्यायचं आणि कधी पाणी पिऊन पुढे चालायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. त्यात भित्रेपणा नाही.

आता माझ्या बायकोची गोष्ट. ती मिरजेची. २०१८ ला लग्न होऊन इथे आली आणि सहा महिन्यांत बिल्डिंगमधली सगळी दारं तिच्या ओळखीची झाली. मी त्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं आधीपासून होतो, मला लिफ्टमधल्या लोकांची नावं माहीत नव्हती. तिने काय केलं? बायकांची भिशी होती, तिच्यात गेली, आणि हिशोबाची वही स्वतःकडे घेतली. कुणाला नको असलेलं काम. वहीवाली म्हणून प्रत्येकीला महिन्यातून एकदा तिच्याकडे यावंच लागायचं.

एप्रिल २०२० मध्ये, तबलीगचं प्रकरण टीव्हीवर चालू असताना, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरू लागले. भाजीवाल्यांची नावं विचारा, यांच्यापासून दूर राहा, वगैरे. मी मोबाइल बघत गप्प बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "हा मेसेज काढा. आपल्या इमारतीत राहणारी माणसं हे वाचतायत." मेसेज निघाला. त्या भिशीतल्या. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं सांगितलं. पण आमच्या जिन्यातला निकाल काकूंनी एप्रिलमध्येच दिला होता. सगळेच तसे निघाले नाहीत. एक कुटुंब आजही आमच्याशी बोलत नाही. तरी वीस घरांत एकच घर.

आता थोडं आपल्या दाराबद्दल बोलतो. हे ऐकायला गोड लागणार नाही.

आंबेडकरांच्या त्याच आठवणींत दौलताबादचा प्रसंग आहे, १९३४ चा. प्रवासाने धुळीत माखलेले पंचवीस-तीस लोक किल्ल्याच्या दाराशी आले आणि तिथल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. तरुण मुसलमान जमले, शिवीगाळ झाली. रमजानचे दिवस होते. आंबेडकरांनी त्यांना विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि यांच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का. कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई देऊन त्यांना आत सोडलं.

मी स्वतः पाहिलंय, आपल्याच ओळखीच्या एका मालकाने बौद्ध कुटुंबाला खोली नाकारली. भाचा येणार होता त्याचाही. बिहारच्या मुलांना नाकारतो, बिरादरी विचारतो. जुम्म्याला एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि सलाम फिरवला की आयटीवाले वाकडला आणि भंगारवाले आपल्या वस्तीकडे. दहा वर्षं शेजारी नमाज पढणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. आणि मुली? मशिदीबाहेरचा चहा पुरुषांचा. या हॉलमध्ये आज चार मुली आल्यात आणि चौघी शेवटच्या रांगेत आहेत. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला बाहेरचा मालक मुसलमान म्हणून नाकारतो आणि आपला मालक एकटी म्हणून. तिने कुठे जायचं? आपली पहिली जागा आपल्याच निम्म्या लोकांना बंद असेल, तर ती जागा अजून झालेलीच नाही.

तर करायचं काय? मला जे जमलं तेवढंच सांगतो.

एक, एखादी जागा धरा आणि सहा महिने सोडू नका. वाचनालय, क्रिकेट, ट्रेक, रक्तदान, काहीही. दर आठवड्याला तीच वेळ. दोनदा जाऊन 'मजा आली नाही' म्हणू नका. मैत्री सातव्या-आठव्या भेटीत सुरू होते.

दोन, तिथलं नको असलेलं काम मागून घ्या. खुर्च्या लावणं, वर्गणीचा हिशोब, बसचं बुकिंग. तुकाराम महाराजांची पालखी आपल्या आकुर्डीत मुक्कामाला येते, तेव्हा आमच्या सोसायटीचे लोक चहा वाटतात. मी दूध आणायचं काम घेतलंय. पहाटे चारला उठणारा दुसरा कुणी नव्हता.

तीन, नाव पूर्ण सांगा. मी फोनवर आता 'पाटील' एवढंच सांगत नाही. पूर्ण नाव सांगतो. नकार यायचा असेल तर पहिल्या मिनिटात येऊ दे, माझं शनिवारचं पेट्रोल वाचतं. आणि जो होकार येतो तो मला आलेला असतो.

चार, घरी बोलवा. ईदची वाट बघू नका. ईदला सगळे शीरखुर्मा खाऊन जातात आणि पुढच्या ईदला भेटतात. साध्या रविवारी वरण-भात खायला बोलवा.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जेवण असतं. नियम एकच, येणाऱ्याने आपल्या ओळखीबाहेरचं एक माणूस बरोबर आणायचं. मागच्या वेळी चाकणचे दोन वेल्डर, माझ्या टीममधली एक तमिळ मुलगी, आणि कुलकर्णी काकू होत्या. शिंदे येतो, बायको-मुलासकट.

नांदेडच्या भाईंनी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर हे एवढंच. पुढचा रविवार पहिला आहे. दीड वाजता या. पत्ता चहाच्या वेळी देतो. मेसवाल्या मावशींना सुट्टी असेल तर त्यांनाही घेऊन या. आणि येताना दही आणा, ते नेहमी कमी पडतं.